एक्केचाळिसाव्या वर्षी फायनान्सची पदव्युत्तर पदवी: उशीर नेमका कशाला होतो?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, बी.कॉम. २००५, सातारा जिल्ह्यातलं कॉलेज, शाळा मराठी माध्यमाची. भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अकाउंट्स मॅनेजर, महिन्याला हातात ७५ हजार. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, घराच्या कर्जाची अकरा वर्षं बाकी. गेल्या वर्षी कंपनीने ३१ वर्षांचा एमबीए फायनान्स हेड म्हणून आणला आणि तेव्हापासून मनात सल आहे. आता फायनान्समध्ये एमबीए करावं, की फार उशीर झालाय? करायचं तर पूर्णवेळ, अर्धवेळ, ऑनलाइन, की सरळ सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय परीक्षा)? आणि शेवटची ओळ, जी वाचून मला हसू आलं: ‘वर्गातली पोरं काका म्हणतील, त्याचं काय?’

आधी मी कुठून बोलते ते सांगते. मी ३८व्या वर्षी, म्हणजे २००६ साली, मुंबई विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या अर्धवेळ एमएफएमला, म्हणजे फायनान्सच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला. तेव्हा अंधेरीत पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघत होते. पुढे फायनान्समध्ये सरकले, आणि गेली पंधरा वर्षं खात्यात माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

उशीर झालाय का, हा प्रश्न तुम्ही वयाच्या भाषेत विचारलाय. तो पैशाच्या भाषेत मांडून बघू, शेवटी आपला धंदाच तो. समजा शिकल्यामुळे वर्षाला एक रुपया जास्त मिळणार आहे. पंचविशीतल्या मुलाला तो ३५ वर्षं मिळेल. तुम्हाला कोर्स संपल्यावर निवृत्तीपर्यंत फार तर १५ वर्षं. वाटतं की त्याचा फायदा तुमच्या दुपटीहून जास्त. आता दहा टक्क्यांनी आजच्या किमतीत आणा, म्हणजे वर्षभराने मिळणारा एक रुपया दहा पैसे आजच्या एका रुपयाइतका धरा. ३५ वर्षांच्या रुपयाची आजची किंमत येते ९ रुपये ६४ पैसे. १५ वर्षांच्या रुपयाची ७ रुपये ६१ पैसे. फरक फक्त एकवीस टक्के! शेवटची वीस वर्षं इतकी लांब आहेत की आजच्या हिशेबात त्यांचं वजनच पडत नाही. हां, तो एक रुपया दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतो असं धरलं तर फरक रुंदावतो, तुमचा आकडा त्याच्या बासष्ट-त्रेसष्ट टक्क्यांवर येतो. तरी निम्मा होत नाही.

मग उशिराचा मार बसतो कुठे? बुडणाऱ्या पगारात. तुमच्या साहेबांनी पंचविशीत नोकरी सोडून पूर्णवेळ एमबीए केलं असेल, तेव्हा त्यांचे वर्षाला तीनेक लाख बुडाले असतील. तुमचे ९ लाख बुडतील. दोन वर्षांचे १८, वर खासगी संस्थेची फी १२ लाख धरा. हे सगळं दहा टक्क्यांनी आज आणलं तर साधारण २७ लाख होतात. ते नुसते भरून निघायला, नफा सोडाच, तुम्हाला ४३व्या वर्षापासून पुढची पंधरा वर्षं दरवर्षी ४ लाख ३० हजार जास्त हातात यायला हवेत. म्हणजे कोर्समधून बाहेर पडल्याच्या पहिल्या महिन्यापासून ७५ हजारांचे एक लाख अकरा. त्रेचाळीस वर्षांच्या ताज्या एमबीएला कॅम्पसवर अशी नोकरी द्यायला कोणी उभं नसतं. मीही नसते. कॅम्पसवर आम्ही जातो ते कमी पगारात घेऊन घडवता येतील अशा पोरांसाठी.

आता तोच हिशेब नोकरी सांभाळून. फी चार लाख, दोन वर्षांत निम्मी-निम्मी. आजच्या किमतीत ३ लाख ८२ हजार. ते वसूल व्हायला वर्षाला ६१ हजारांची वाढ लागते, महिन्याला पाच हजार. पूर्णवेळला महिन्याला ३६ हजार आणि नोकरी सांभाळून पाच हजार. वय दोन्हीकडे ४१च आहे. तेव्हा पूर्णवेळचा विचार आजच सोडा, आणि ‘उशीर झाला’ हेही त्याच्याबरोबर सोडून द्या. हे आकडे एक्सेलमध्ये स्वतः मांडून बघा. फी, पगार, दर बदलून बघा. एनपीव्हीचं, म्हणजे पुढच्या रकमांच्या आजच्या किमतीचं, सूत्र घालताना आजचा खर्च कंसाबाहेर ठेवायचा असतो, कारण एक्सेल पहिलाच आकडा एक वर्ष पुढचा धरतं. ही चूक मी पहिल्या परीक्षेत नाही, पण पहिल्या बोर्ड मीटिंगच्या कागदात केली होती.

एक खर्च मात्र या तक्त्यात बसत नाही. संध्याकाळींचा. अंधेरीहून साडेसहाला चर्चगेट गाठायचं, वर्ग सुटला की चालत सीएसटी, आणि डोंबिवलीला घरात पाऊल टाकेपर्यंत सव्वाअकरा. सासूबाई ताट झाकून ठेवायच्या. तीन वर्षांत त्या या विषयावर एकदाच बोलल्या: ‘अगं, एवढं करून नापास तर नाही ना होणार?’ माझ्या मुलीची सहावी, सातवी, आठवी मला नीट आठवत नाही, हे मी आजही कबूल करते. पुढच्या वर्षी तुमची मुलगी दहावीत जाईल. घरात बसून या दोन वर्षांचं आधी स्पष्ट बोला. कोणाच्या संध्याकाळी खर्ची पडणार आहेत ते ज्यांच्या पडणार आहेत त्यांना विचारा. बायको नुसती ‘करा की’ म्हणाली तर तो होकार धरू नका. सोमवार ते शनिवार अभ्यासाला कोण बसवणार, आईला दवाखान्यात कोण नेणार, गावाकडच्या लग्नांना कोण जाणार, एवढं ठरलं की मग तो होकार.

आता पदवीने काय होतं ते. पंचविशीत पदवी दार उघडते. चाळिशीत तुम्ही आतच असता, पण खोलीत एक टेबल असं असतं जिथे तुम्ही गप्प बसता. माझं टेबल परकीय चलनाचं होतं.

आमची कंपनी पूर्व आफ्रिकेत यंत्रं पाठवायची, महिन्याला लाख-सव्वा लाख डॉलर यायचे. २००७च्या दिवाळीनंतर बँकेचे दोन जण आले. डॉलर तेव्हा ३९च्या आसपास घसरला होता आणि तो ३५ला जाणार असं सगळे छातीठोकपणे सांगत होते. निर्यातदार घाबरलेले. त्या दोघांनी एक पानी कागद पुढे ठेवला: बारा महिने, दर महिन्याला एक लाख डॉलर बँक ४०.५०ने घेणार. बाजारात ३९ असताना साडेचाळीस! खर्च शून्य. खाली बारीक अक्षरात एवढंच की डॉलर ४०.५०च्या वर गेला तर कंपनीने त्याच भावाने दोन लाख डॉलर द्यायचे. वर्षभरापूर्वी असते तर मी मान डोलावून फाइल पुढे सरकवली असती. पण त्याच सत्रात ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे) शिकत होते, आणि आदल्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर नफ्या-तोट्याची ती वाकडी रेघ काढली होती. मी कागद उलटा करून पेन्सिलने तीच रेघ काढली. डावीकडे, डॉलर पडला तर, एका लाखाचा छोटा नफा. उजवीकडे, डॉलर चढला तर, दोन लाखांचा उतार, त्याला तळ नाही. आणि विचारलं, ‘आमच्याकडे दुसरा लाख येणारच नाही, तो आम्ही कुठून आणायचा?’ त्यांच्यातला धाकटा म्हणाला, ‘मॅडम, डॉलर वर जातोय कुठे.’

२००८च्या ऑक्टोबरात डॉलर ४९च्या घरात होता. सही केली असती तर पहिल्या लाखावर चढा भाव हुकला असता तो वेगळाच, आणि दुसरा लाख बाजारातून ४९ने विकत घेऊन ४०.५०ने द्यावा लागला असता. महिन्याला साडेआठ लाख रोख. मी कंपनी वाचवली वगैरे सांगायचं नाहीये, आमचे एमडी मुळातच भित्रे होते आणि त्यांना न कळणाऱ्या कागदावर ते सही करत नसत. पण त्या दिवसापासून चलनाची फाइल आली की ती माझ्या टेबलावर यायला लागली. पदवी हातात यायला अजून दीड वर्ष होतं.

तर तुमचं टेबल कोणतं? पत्रात तुम्ही लिहिलंय की दरवर्षी बँकेच्या कॅश क्रेडिट लिमिटच्या (खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या मर्यादेच्या) नूतनीकरणासाठी सीएमए डेटा, म्हणजे बँकेला द्यायचे आकड्यांचे तक्ते, तुम्हीच भरता, आणि मीटिंगला मात्र नवे साहेब जातात. इथेच थांबा. त्या तक्त्यात चालू गुणोत्तर (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) १.३३च्या खाली गेलं की बँकेचा फोन येतो हे तुम्हाला पंधरा वर्षं पाठ आहे. मग मार्च एंडला तुम्ही देणेकरी इकडचे तिकडे करून ते कसंबसं जमवता. (जमवता, नाही म्हणू नका. सगळे जमवतात.) पण १.३३च का? १.२५ का नाही? सत्तरच्या दशकात रिझर्व्ह बँकेच्या टंडन समितीने बँकांनी खेळत्या भांडवलाला किती कर्ज द्यावं याच्या पद्धती सांगितल्या, त्यातल्या दुसऱ्या पद्धतीत चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा कंपनीने स्वतःच्या, दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा. म्हणजे माल, येणी, सगळं मिळून चार रुपये असतील तर एक रुपया तुमचा, तीन बँकेचे आणि पुरवठादारांचे. चार भागिले तीन, १.३३. एवढंच. हे कळलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे ४५ दिवसांऐवजी ७५ दिवसांनी द्यायला सुरुवात केली, तर आपला तो एक रुपया सव्वा होतो की दीड? आणि तो आणायचा कुठून? हा प्रश्न बँकेच्या मीटिंगमध्ये विचारणारा माणूस फायनान्सचा. आकडा जमवणारा अकाउंट्सचा. आकड्याच्या मागची बाजू तुमच्या इतकी तुमच्या ३१ वर्षांच्या साहेबांना दिसत नाही, कारण कोणता डीलर मार्चमध्ये माल उचलून एप्रिलमध्ये परत पाठवतो हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला ‘का’ शिकायचंय, त्यांना ‘कुठे’. त्यांचा राग सोडून त्यांच्याकडे जा आणि म्हणा, पुढच्या नूतनीकरणाला मला बरोबर न्या. बहुतेक नेतील. आकडे विचारले की उत्तर देणारं कोणी शेजारी असावं असं प्रत्येक नव्या साहेबाला वाटतं.

हे आधी करा, सहा महिने. त्याचबरोबर तेरा आठवड्यांचा रोख अंदाज तयार करायला लागा: प्रत्येक सोमवारी पुढच्या तेरा आठवड्यांत किती येणार, किती जाणार. कोणी मागितला नाही तरी करा. आठव्या आठवड्यात तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक तुम्हाला जे शिकवेल ते कुठल्या पुस्तकात नाही. सहा महिन्यांनीही शिकायची भूक असेल तर प्रवेश घ्या. त्या सहा महिन्यांत बऱ्याच जणांची भूक साहेबावरच्या रागातून आलेली होती हे कळतं, आणि चार लाख वाचतात.

कोणता कोर्स, याबद्दल मला ठाम मतं आहेत आणि ती थोडी एकांगी आहेत.

सीएफए नको. तीन पातळ्या, प्रत्येकीला संस्था स्वतःच साधारण तीनशे तास अभ्यास धरायला सांगते, फी डॉलरमध्ये, आणि अभ्यासक्रमाचा कल गुंतवणुकीकडे: शेअर, रोखे, पोर्टफोलिओ. म्युच्युअल फंडात किंवा संशोधनात जायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. भोसरीतल्या कारखान्यात बसून पोर्टफोलिओचा बीटा काढून काय करणार? लोक सीएफए आणि सीएफओ (कंपनीचा वित्तप्रमुख) यात एकाच अक्षराचा फरक आहे म्हणून फसतात, असं मला कधी कधी वाटतं. एफआरएमचंही तेच, ते बँकांच्या जोखीम विभागासाठी.

तुमच्या जागी माझा पहिला विचार सीएमएचा आला असता. बँकेचा सीएमए डेटा नव्हे, कॉस्ट अकाउंटंटचं सीएमए. नाव सारखं, नातं काही नाही. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एका नगाची खरी किंमत सांगू शकणारा माणूस सोन्याचा असतो. पदवीधर असल्याने फाउंडेशन लागत नाही, पण इंटरचे आठ आणि फायनलचे आठ असे सोळा पेपर. चाळिशीत, नोकरी करून, गटागटाने, चार-पाच वर्षं. मी दोघांना बघितलंय करताना. एक झाला. दुसऱ्याने तिसऱ्या प्रयत्नानंतर सोडलं आणि त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. परीक्षेची सवय गेली असेल तर इथे फार मार बसतो. एमबीएमध्ये बसत नाही, हे त्याचं बलस्थान म्हणा की दोष.

एमबीए करायचं ठरलं तर मी प्रत्यक्ष वर्गाच्या बाजूने आहे, शनिवार-रविवारचे का असेनात. पुण्यात तुम्हाला पर्याय मिळतील. संस्थेत गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारा: ही विद्यापीठाची पदवी आहे की संस्थेची पदविका, आणि एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता चालू वर्षाची आहे का. प्रवेशाला वयाची अट नाही. राज्याच्या एमबीए सीईटीला दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं. कॅटलाही वयाची मर्यादा नाही, पदवीला पन्नास टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना पंचेचाळीस. तुमचे छप्पन्न आहेत, तेव्हा ती काळजी नको. प्रत्यक्ष वर्गच का म्हणते? कारण माझ्या शेजारी बसणारा एक जण शिपिंग कंपनीत होता, एक सरकारी बँकेच्या कर्ज विभागात, एक औषध कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे रोख आणि चलन सांभाळणाऱ्या विभागात. ऑप्शन्सच्या त्या कागदाबद्दल मी पहिला फोन प्राध्यापकांना नाही, ट्रेझरीवाल्याला केला होता. कॅन्टीनमध्ये वडापाव खाताना बँकवाल्याने सांगितलं की शाखा व्यवस्थापक प्रस्तावात सगळ्यात आधी कोणतं पान उघडतो. अशी माहिती रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून येत नाही.

ते जमणारच नसेल, दुसरी पाळी असेल, घरी आजारी माणूस असेल, तर ऑनलाइन किंवा दूरशिक्षण. यूजीसीने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा मुक्त शिक्षणातली पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची धरायची. ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची, त्या कोर्सची नोंद स्वतः बघा आणि तिथेच स्वतःचा डीईबी आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) काढा. फोन करून ‘सर, आजच सीट ब्लॉक करा’ म्हणणारा मुलगा कमिशनवर असतो, तो कितीही गोड बोलला तरी. इग्नूचं फायनान्समधलं एमबीए स्वस्त आहे, अभ्यासाची पुस्तकं चांगली आहेत, मात्र पाठीमागे लागणारं कोणी नसतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही विचार करा. स्वयंशिस्त असलेल्याला हे पुरतं. मला पुरलं नसतं, मला हजेरी घेणारं कोणीतरी लागतं.

मोठ्या संस्थांची आठ-दहा महिन्यांची शनिवार-रविवारची प्रमाणपत्रं निराळी. शिकवतात बरं, फी दोन-तीन लाखांच्या पुढे, नाव झळकतं. पण ती पदवी नसते. अर्जात ‘पदव्युत्तर’ असा रकाना असेल तर तिथे ती लिहिता येत नाही. आणि सहा महिन्यांत, मागच्या तारखेने, घरबसल्या एमबीए देणारे भेटतील. त्यांच्याबद्दल एवढंच की पडताळणीत असा एक कागद माझ्या हातात आला होता आणि त्या माणसाची हाती असलेली नोकरीही गेली.

आणखी एक. गुंतवणूक सल्लागार व्हायचं म्हणून एमबीए करावं का, असं मला बरेच जण विचारतात. सेबीने २०२४च्या अखेरीस नियम सैल केले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आता त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागत नाही, सेबीच्याच एनआयएसएम या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. तुमचा तो बेत दिसत नाही, पण पुढे-मागे मनात आलं तर त्यासाठी चार लाख घालू नका.

प्रवेशाआधी संस्थेचं वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. हे कोणी सांगत नाही. आपलं वर्ष माहितीये: मार्च एंड, एप्रिल-मेमध्ये ऑडिट, सप्टेंबरच्या अखेरीस टॅक्स ऑडिट, डिसेंबरात जीएसटीचं वार्षिक विवरण. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा बहुतेक एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे दर उन्हाळ्यात दोन्ही एकमेकांच्या छातीवर बसणार, आणि तुमच्या मुलीच्या दहावीचा मार्च त्याच्या तोंडाशी. मी पहिल्या वर्षी ऑडिटर बसलेले असताना पेपरला गेले आणि स्टॉकच्या मूल्यांकनात दोन लाखांची चूक राहिली. मुलीच्या दहावीनंतरच्या जूनमध्ये प्रवेश घेतलात तर एक वर्ष जाईल, पण वरच्या हिशेबात त्या एका वर्षाची किंमत फार नाही हे तुम्ही पाहिलंच.

फीसाठी कर्ज काढायची वेळ आली तर थांबा. घराचा हप्ता चालू असताना दुसरा हप्ता नको, दोन वर्षं साठवा. कंपनी फी देते का ते विचारा, देत असेल तर बाँडची मुदत आणि सोडल्यास किती परत करायचं ते लेखी घ्या. कर्ज काढलंच तर व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. पत्रावरून तुम्ही नवी घेतलेली दिसते, म्हणून तो फायदा धरू नका.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिली आहे. फायनान्सच्या पुस्तकातलं इंग्रजी फार थोडं असतं. दीड-दोनशे शब्द, तेच फिरून फिरून. त्यातले निम्मे तुम्ही टॅलीत रोज टाइप करता. पहिल्या सत्रात मी एक वही केली होती, डावीकडे पुस्तकातला शब्द आणि उजवीकडे आमच्या कंपनीतलं त्याचं नाव. ‘वर्किंग कॅपिटल सायकल’च्या पुढे लिहिलं होतं: नैरोबीचे पैसे येईपर्यंतचे दिवस. खरी अडचण संख्याशास्त्राची येते. रिग्रेशन, प्रमाण विचलन, संभाव्यता. आपण हे बी.कॉम.ला पास होण्यापुरतं केलेलं असतं. प्रवेशाआधी दोन महिने फक्त हेच करा, मुलीच्या नववीच्या पुस्तकातल्या संख्याशास्त्राच्या धड्यापासून सुरुवात केली तरी चालेल, तिलाही गंमत वाटेल. आणि हाताने लिहायची सवय करा. वीस वर्षांनी तीन तास सलग लिहिताना माझं मनगट असं धरलं होतं की घरी गेल्यावर पोळी लाटता येईना.

मुलाखतीत मी काय बघते, तेही विचारलंय. समोर ४३-४४ वर्षांचा माणूस आणि दोन वर्षांपूर्वीची पदवी असेल तर मी टक्केवारी वाचत नाही. विचारते, ‘यातलं काय तुम्ही तुमच्या कंपनीत वापरलंत?’ एकाने प्रकल्प म्हणून पुस्तकातून उचललेलं भांडवल रचनेचं काहीतरी सांगितलं. दुसरीने सांगितलं की तिने आपल्या कारखान्यातल्या प्रेसच्या डायचा (साच्यांचा) साठा बघितला, चौदा महिने न हललेल्या डाय बाहेर काढल्या, भंगारात घातल्या आणि त्यातून लिमिटवरचा ताण किती कमी झाला ते मोजलं. आकडा लहान होता, पण कोणी विचारलं नसताना तिने तो काढला होता. तिला घेतलं. आता ती माझ्या खुर्चीच्या शेजारच्या खुर्चीत आहे आणि मी गेल्यावर माझ्या खुर्चीत बसेल.

राहिला काकांचा प्रश्न. म्हणतील. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर अर्धा वर्ग उभा राहिला, प्राध्यापक समजून. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा जो हशा झाला तो अजून आठवतो. पुढे महिनाभर ‘मॅडम’, मग ‘ताई’, आणि एक चोवीस वर्षांचा मुलगा सरळ ‘मावशी’ म्हणायचा, त्याला मी कधी थांबवलं नाही. गटाने प्रकल्प करायचा असला की पहिल्या वर्षी मला कोणी घेईना. एक केस होती, साखर कारखान्याच्या येण्यांची. त्यात थकलेली येणी कागदावर ताजी दाखवायला जुनी बिलं रद्द करून नवी काढली होती. हे वर्गात कोणालाच दिसलं नाही आणि मला पहिल्या पानावर दिसलं, कारण मी तेच आयुष्यभर पकडत आले होते. त्यानंतर गट मिळायची अडचण आली नाही. तिसऱ्या वर्षीच्या जुलैत तीच पोरं फॉर्म १६ घेऊन मावशीकडे आली. त्या महिन्यात मी अकरा जणांची रिटर्नं भरली, फुकट, आणि एकाचा परतावा आला तेव्हा त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये मिसळ खिलवली.